झुरिकला विकलेला चिटणीस

मला विकलं आहे, ही बातमी शालिकरामनं मला चामोर्शीच्या भर बाजारात दिली. मी वांगी निवडत होतो. "मास्तर, जर्मनीवाल्यानं तुमाले झुरिकवाल्याले इकलं म्हन्तेत जी," तो म्हणाला, आणि माझ्या हातातलं वांगं काढून, किडकं आहे असं सांगून, परत टोपलीत टाकलं. वांगीवालीनं माझ्याकडे जरा सहानुभूतीनं पाहिलं. विकला गेलेला माणूस भाजीचे पैसे स्वतःचे देतो की मालकाचे, असा प्रश्न तिला पडला असावा.

गंमत अशी की बातमी फोडली होती मीच. आदल्या दिवशी पोस्टाच्या ओट्यावर बसून मी जर्मनीचं पत्र गुणवंतरावांना मराठी करून वाचून दाखवलं. गुणवंतरावांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांना सांगितलेली कुठलीही गोष्ट गुप्त राहत नाही. पोस्टाला लागूनच शालिकरामचं कापडाचं दुकान. बाकीचं काम त्यानं केलं.

हे सगळं धानाच्या गिरणीपायी झालं. सत्तावन्न सालची गोष्ट. आमच्याकडे धान उदंड, पण गिरणी वैनगंगेच्या पलीकडे, मूलला. बैलबंड्या भरून नदी ओलांडायची, गिरणीवाल्याच्या काट्यावर मोजायचं, कोंडा त्याचा, कणी त्याची, आणि वर चहा आपल्या पैशानं. पावसाळ्यात तर नदीच बंद. मग कलाबाई आणि तिच्या बरोबरच्या बायका घरोघरी उखळावर धान कांडून देत, तेवढ्यावर गाव जेवायचं. गुणवंतराव आमच्या भागातले मोठे शेतकरी. त्यांनी सहकारी संस्था काढली आणि स्वतः अध्यक्ष झाले. चिटणीस निवडायच्या सभेला मी उशिरा पोचलो. मी शाळेचा हेडमास्तर, इंग्रजी येणारा, आणि हजर नसल्यामुळे नाही म्हणू न शकलेला. एवढ्या पात्रता एका माणसात पुन्हा कुठं मिळायच्या?

राइन नदीकाठच्या ब्रुखमान नावाच्या कारखान्याचं सचित्र पुस्तक आम्ही मागवलं. त्यात गिरणीशेजारी उभी असलेली जर्मन बाई इतकी हसत होती की गुणवंतरावांनी तिथंच ठराव केला. किंमत पुस्तकाच्या शेवटच्या पानावर होती. ती मी सभेत रुपयांत करून सांगितली, तेव्हा पहिल्यांदाच त्यांनी सगळं एका दमात ऐकलं.

"एवढे पैसे आनाचे कुठून जी?" ते म्हणाले.

ही अडचण सरकारनं परस्पर सोडवली, म्हणजे दुसरी उभी केली. त्या वर्षी सरकारजवळच परदेशी चलन संपत आलं होतं. मुंबईच्या कचेरीनं कळवलं की यंत्र आणायचा परवाना हवा असेल तर रोखीनं आणू नका, उधारीवर आणा, आणि उधारी काही वर्षांची असू द्या. मी हे पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. आयुष्यभर मुलांना उधारी वाईट म्हणून शिकवलं, आणि इथं सरकार ती सक्तीची करत होतं. त्याच कचेरीनं असाही दाखला मागितला की अशी गिरणी भारतात बनत नाही. जी वस्तू बनत नाही ती बनत नसल्याचा दाखला देणार कोण, हे विचारायला मी नागपूरला दोन खेपा केल्या. तिथल्या साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि हे काम आपल्याकडे नाही असं अतिशय प्रेमानं सांगितलं. शेवटी ब्रुखमाननंच कुठून तरी तसा कागद मिळवून पाठवला.

उधारीलाही ब्रुखमान तयार झाला. थोडी रक्कम आधी द्यायची, बाकीची पाच वर्षांत, दर सहा महिन्यांनी एक हप्ता. त्यासाठी संस्थेच्या वतीनं चिटणिसानं दहा वचनचिठ्ठ्या, म्हणजे अमुक तारखेला पैसे देऊ असं लिहिलेले कागद, सही करून द्यायच्या, आणि प्रत्येक चिठ्ठीच्या पाठीवर बँकेनं हमी लिहायची.

शालिकरामला हा व्यवहार पटला नाही. "मी इथी मान्साले ओळखतो, त्याच्या बापाले ओळखतो, तरी धोतरजोडी उधार देत नाई. अन् हा न पाहता गिरणी देऊन राह्यला? लोखंडात काही तरी खोट आहे, मास्तर."

मी त्याला परदेशी व्यापाराची तत्त्वं समजावून सांगितली. ती मलाही ठाऊक नव्हती, म्हणून जरा जास्त वेळ लागला.

चांद्याच्या बँकेचे एजंट, म्हणजे तिथले मुख्य साहेब, शांत गृहस्थ होते. हमी लिहायला ते तयार झाले, पण सभासदांच्या जमिनी त्यांनी तारण मागितल्या. गुणवंतरावांनी आपलं नदीकाठचं सगळं वावर लिहून दिलं, बाकीच्यांनी आपापलं. इथवर मला गिरणी म्हणजे एक उत्साहाचा विषय वाटत होता. ते दस्त टेबलावर बघितले आणि मी सगळ्या वावरांची मनातल्या मनात बेरीज करू लागलो.

मग सह्या. चिठ्ठ्या जर्मनीहूनच छापून आल्या होत्या, कागद असा की त्यावर नुसतं बोट ठेवतानाही पाप वाटावं. माझं आडनाव वैरागडकर. मनोहर सदाशिव वैरागडकर एकदा लिहायला काही वाटत नाही. पण एजंट समोर बसून, चष्म्यावरून बघत, एकेक सही आधीच्या सहीशी ताडून पाहू लागले. अर्ध्या चिठ्ठ्या नीट झाल्या. पुढच्या चिठ्ठीवर 'वैरागडकर'मधला 'ड' पळाला.

"हे वैरागकर कोण?" एजंटांनी विचारलं.

शुद्धलेखनासाठी मी किती मुलांचे कान पिरगाळले असतील, ते सगळे कान त्या वेळी त्या खोलीत आहेत असं मला वाटलं. चिठ्ठीवर खाडाखोड चालत नाही. ती एक चिठ्ठी नव्यानं जर्मनीहून येईपर्यंत यंत्र खोळंबलं, आणि गावात लोक मला थांबवून माझं नाव विचारू लागले.

एवढं झाल्यावर यंत्र बोटीवर चढलं आणि मागोमाग ते पत्र आलं, जे मी पोस्टाच्या ओट्यावर वाचलं. 'आपल्या सह्यांच्या चिठ्ठ्या आम्ही झुरिक येथील एका पेढीस विकल्या आहेत.' घाईत मी 'चिठ्ठ्या' गाळून नुसत्या 'सह्या' म्हणालो. शालिकरामच्या दुकानापर्यंत पोचताना सह्यासुद्धा गळाल्या आणि मी उरलो.

घरी कमळाला कळलं होतंच. ती माझी बायको, माझ्याहून हिशेबी. "कितीले गेले तुमी?" तिनं पोळी लाटता लाटता विचारलं.

मी पडत्या आवाजात सांगितलं की पहिली चिठ्ठी जवळजवळ पुऱ्या भावात गेली, पण पाच वर्षांनंतरची शंभराला जेमतेम पंचाहत्तर.

"बराबर आहे. पाच वर्षांनी तुमी आनखी म्हातारे होसान. तेवढं तरी कोन देते?"

दुसऱ्या दिवशी मी तडक चांद्याला गेलो. मला विकायचा अधिकार ब्रुखमानला कोणी दिला, हे मी एजंटांना जरा चढ्या आवाजात विचारलं. त्यांनी चहा मागवला.

"मास्तर, तो ब्रुखमान लोखंड रोखीनं घेतो. कामगारांना दर आठवड्याला पगार देतो. तुमच्या पैशांसाठी पाच वर्षं थांबला तर कारखान्याला कुलूप लागेल. पण तुम्हाला पाच वर्षांची मुदत दिली नसती तर गिरणी खपली नसती. मग तो काय करतो? तुमच्या चिठ्ठ्या घेतो आणि झुरिकच्या पेढीला विकतो. पेढी पुढच्या वर्षांचं व्याज आधीच कापून घेते आणि उरलेले पैसे त्याला आज रोख देते. ब्रुखमान मोकळा. तुम्ही पैसे बुडवले तरी पेढी त्याच्याकडे परत जाऊ शकत नाही. आता तुमची गाठ पेढीशी."

"पण ते लोक मला ओळखत नाहीत."

"तुम्हाला कोण विचारतं? ते चिठ्ठीची मागची बाजू बघतात. तिथं आमच्या बँकेची हमी आहे."

म्हणजे विकली गेली तीही माझी सही नव्हे, तिच्या पाठीवरची.

ऐन जुलैत यंत्र मूलच्या स्टेशनावर उतरलं. लहान लहान खोकी बंड्यांतून नदीवर आली, डोंग्यांतून आमच्या काठाला पोचली. राहिलं इंजिनाचं खोकं. ते नदीवरच्या हरणघाटावर उतरवताना दोन बंड्यांचे आख मोडले. नदी भरत चालली होती. दिवाळीपर्यंत थांबावं, असं मला वाटत होतं, कारण पुस्तकात इंजिनाचं वजन मी वाचलं होतं. पण घाटावरच्या ढिवरांचा, म्हणजे नावाड्यांचा, म्होरक्या वारलू यानं खोक्याभोवती एक फेरी मारली आणि तंबाखू मळायला घेतली.

"माह्या आज्यानं हत्ती नेला पल्याड. जमीनदाराचा. हे तं डब्बा आहे."

"हत्ती पोहतो, वारलू," मी म्हणालो.

"तो पोहला असता तं आज्याले काऊन बोलावलं असतं जी?"

गुणवंतरावांना 'हत्ती नेला' एवढंच ऐकू आलं आणि ते त्यांना पुरलं. दोन मोठे डोंगे बाजूबाजूला बांधले, वर फळ्या टाकल्या, फळ्यांवर इंजीन चढवलं. वारलू पुढं, त्याचा भाऊ झिंगू मागं, आणि संस्थेची प्रतिष्ठा म्हणून मी मध्ये, खोक्याला टेकून, छत्री उघडून. मला पोहता येत नाही, हे सांगायला ती वेळ बरी नव्हती.

अर्धी नदी छान पार झाली. मग मधल्या खडकाशी डोंगे आडवे फिरले आणि वाळूत रुतले. पाणी फळ्यांवर आलं. झिंगू मागून ओरडला की ओझं उतरवा नाही तर डोंगे फुटतील, आणि त्यानं आधी माझ्याकडे बघितलं. मी खडकावर उतरलो. मग आठ-दहा ढिवर पोहत आले, त्यांनी खोकं ओंडक्यांवरून खडकावर सरकवलं, साखळ्यांनी खडकाला बांधलं, मला एका डोंग्यात घातलं आणि काठावर आणून सोडलं. छत्री गेली. "उद्या नेऊ," वारलू म्हणाला.

उद्या नदी दुथडी भरली. आठवडाभर खोक्याचं डोकं दिसत होतं, नंतर तेही दिसेना. सगळ्या पंचक्रोशीतले लोक बुडालेलं इंजीन बघायला घाटावर येऊ लागले. काहीच दिसत नसल्यामुळे त्यांना ते नेमकं कुठं दिसत नाही, हे दाखवायचं काम माझ्याकडे आलं. विमा होता, पण मुंबईच्या धक्क्यापर्यंतचा.

आणि पहिला हप्ता दसऱ्याच्या सुमाराला होता.

मी ब्रुखमानला सविस्तर पत्र लिहिलं. इंजीन नदीत आहे, गिरणी सुरू नाही, तरी पहिली चिठ्ठी जरा पुढं ढकलावी. त्यांचं उत्तर आलं की वाचून फार दुःख झालं, त्या चिठ्ठ्यांशी आमचा आता संबंध नाही, आणि सोबत इंजीन कसं पुसावं याची माहिती जोडली आहे. मग झुरिकला लिहिलं. जरा अभिमान बाजूला ठेवून लिहिलं. वैनगंगेचं वर्णन केलं, पावसाचं केलं. त्यांचं पत्र चारच ओळींचं होतं. नदीबद्दल आस्था वाटली. मात्र आम्ही गिरणी विकत घेतलेली नाही, आम्ही एक तारीख विकत घेतली आहे. ती आपल्या स्मरणात असेलच. आपले नम्र.

मी ते गुणवंतरावांना वाचून दाखवलं. ते समोरच्या वावराकडे बघू लागले. बँक पेढीला पैसे देईल आणि मग आमच्या जमिनींकडे येईल, हे त्यांना न ओरडता सांगितलं तरी कळलं.

"धान तं आहे," शेवटी ते म्हणाले. "गेल्या सालचं. साऱ्याइच्या ढोल्याइत थोडं थोडं आहे. पन धानाले आता भाव नाई. तांदूळ केला तं चांद्याले सोन्यासारखा जाईन. कोळशाच्या खाणीवाले तं वाट पाहून राह्यले."

तांदूळ करणार कोण? आम्ही दोघंही कलाबाईच्या घराच्या दिशेनं बघू लागलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या व्हरांड्यात कांडणाऱ्या बायका जमल्या. कलाबाई पुढं बसली. उंच, सावळी बाई, बोलताना हात अजिबात हलवायची नाही. मी चिठ्ठ्या, हमी आणि झुरिक समजावून सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजे आमचं काम बंद करनाऱ्या गिरनीचे पैसे आमीच कांडून द्याचे."

"तसं म्हणता येईल," मी म्हणालो.

"दुसरं कसं म्हनता येते जी?"

मी गुणवंतरावांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते.

कलाबाईनं आपल्या अटी सांगितल्या. कांडण्याची मजुरी दीडपट. गिरणी सुरू झाल्यावर पाखडायचं, चाळायचं, पोती भरायचं काम याच बायकांना. आणि बायका संस्थेच्या सभासद, सभेत बसणाऱ्या, हात वर करणाऱ्या.

गुणवंतरावांना शेवटची अट ऐकू आली नाही. तिनं ती पुन्हा सांगितली. वारा असल्यामुळे तेव्हाही आली नाही. मग कलाबाई उठली, त्यांच्या कानाशी वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "मी तुमच्या घरी कांडाले येतो, तवा तुमाले दिवानखान्यातून समदं आयकू येते, भाऊ."

"बरं, बरं," गुणवंतराव म्हणाले. "कानावर काऊन येऊन राह्यली? लिहा हो मास्तर."

मग काय विचारता? पोळा झाला आणि गावात मुसळांचा आवाज सुरू झाला, तो थांबेचना. शाळेच्या मागच्या पटांगणात उखळं रोवली. मी वर्गात भूगोल शिकवायचो, आणि प्रत्येक देशाची राजधानी दोन धपक्यांच्या मध्ये सांगायला लागायची. कमळा आठ दिवस पाहत राहिली आणि मग पदर खोचून तीही पाखडायला गेली. शालिकराम रोज येऊन सांगायचा की हे जमणार नाही. शेवटी पोती कमी पडली तेव्हा दुकानातलं जाडं कापड त्यानंच आणून दिलं, रोखीनं. पाणी जरा उतरताच वारलूनं तांदूळ पलीकडे न्यायला घेतला. या वेळी त्यानं हत्तीचं नाव काढलं नाही.

चांद्याला तांदूळ हातोहात गेला. हातकांडणीचा तांदूळ म्हणून खाणीवाल्यांनी दोन पैसे वरच दिले. मी एजंटांच्या टेबलावर रक्कम ठेवली, त्यांनी मोजली, पावती दिली आणि झुरिकला तार केली. मला वाटलं होतं की झुरिकहून काही तरी येईल. एखादी शाबासकी. पण त्यांची तारीख त्यांना मिळाली होती, ते कशाला लिहितील? घाटावर परतलो तेव्हा गुणवंतराव डोंग्याची वाट बघत उभे होते. मी पावती त्यांच्या हातात दिली. त्यांना इंग्रजी येत नाही, तरी त्यांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली, घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली, आणि मग डोळे पुसून म्हणाले की नदीवर फार वारा आहे.

दिवाळीनंतर नदी उतरली. इंजीन खडकावर जसंच्या तसं बसलेलं होतं. वरचं लाकूड काळं पडलं होतं, आतलं पत्र्याचं अस्तर मात्र शाबूत, आणि त्याच्या आत जर्मनांनी बोटभर जाडीचं ग्रीस चोपडलेलं. कोरड्या वाळूतून रेड्यांच्या चार जोड्यांनी ते ओढून आणलं. ब्रुखमाननं सांगितल्याप्रमाणे मी ते स्वतः पुसलं. माझं एक धोतर त्यात गेलं.

नवं धान आलं आणि गिरणी सुरू झाली. गुणवंतरावांनी नारळ फोडला. इंजीन आधी खोकलं, मग धडधडू लागलं, तसे बाहेर बांधलेले दोन बैल दावं तोडून गेले. एकीकडून धान पडलं आणि दुसरीकडून तांदूळ, शुभ्र, जाईच्या कळ्यांसारखा. प्रत्येकानं चिमूटभर उचलला आणि मग नव्या सभासदीणबाईंकडे बघितलं. कलाबाईनं दोन दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले.

"पांढरा आहे," ती म्हणाली.

आम्ही वाट बघितली. तिचं बोलणं संपलेलं होतं. ती सूप घेऊन कामाला बसली.

पुढच्या काही दिवसांत माझ्या लक्षात आलं की गिरणीवर विकायचं धान भरपूर येतं, पण खायचं कोणाचंच येत नाही. एका संध्याकाळी मी गुणवंतरावांकडे गेलो तर त्यांच्या परसात कलाबाई कांडत होती. गुणवंतराव म्हणाले, मास्तर, काय म्हन्ता, आयकू येऊन नाई राह्यलं. मी काहीच म्हटलेलं नव्हतं.

चिटणिसाच्या घरी तरी गिरणीचाच तांदूळ शिजला पाहिजे, असं मी कमळाला बजावलं. तिनं शिजवला. पानात वाढला तेव्हा त्याचा पांढरेपणा डोळ्यांत भरत होता. मी वरण घेतलं, तूप घेतलं, लोणचं घेतलं, पुन्हा वरण घेतलं. कमळा समोर बसून बघत होती.

"कसा झाला?"

"उत्तम," मी म्हणालो. "असा भात मी आजवर खाल्ला नव्हता."

ती उठली, चुलीमागून एक झाकलेलं पातेलं काढलं आणि त्यातला कांडलेल्या तांदळाचा लालसर, वाफाळता भात माझ्या पानात वाढू लागली. मी आधी दार लावून घ्यायला सांगितलं.